शब्दचर्चा: ‘पूलिंग अँड शेअरिंग’ला मराठीत काय म्हणायचं?

शब्दवेडी: युरोपीय संघाच्या संरक्षण धोरणावरचा एक लेख मराठीत करतेय आणि ‘पूलिंग अँड शेअरिंग’पाशी अडकलेय, म्हणजे देशांनी लष्करी साधनं आणि कामं मिळून वापरणं. मंदीमुळे सगळ्यांच्या संरक्षण खर्चाला कात्री लागली होती. २०१० साली बेल्जियमच्या घेंटला संघाचे संरक्षणमंत्री जमले आणि तिथून हा जोडशब्द ब्रुसेल्सच्या कागदांत रुळला. मी ‘लष्करी क्षमतांचे एकत्रीकरण व सामायिकीकरण’ असं लिहिलं. मोठ्यानं वाचलं तर मलाच धाप लागली.

बांधावरून: ताई, ‘सामायिकीकरण’ आधी खोडा. या जोडशब्दाखाली वेगवेगळे व्यवहार कोंबलेत आणि आपल्या शेतकऱ्यांकडे त्यांना शब्द आहेत. नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या युरोपीय हवाई वाहतूक कमांडचंच बघा. २०१० मध्ये फ्रान्स, जर्मनी, नेदरलँड्स, बेल्जियम यांनी ती उभी केली, पुढे लक्झेंबर्ग, स्पेन, इटली आले. विमान ज्याचं त्याचंच राहतं. मात्र कुणाचा माल कुणाच्या विमानातून जाणार, हे एका जागी ठरतं. जर्मनीचं सामान फ्रान्सच्या विमानातून गेलं की फेड पैशात होत नाही, उड्डाणाच्या तासांत होते. सी-१३० या मालवाहू विमानाचा एक तास, हे त्याचं माप. अडचण आली तर देश आपलं विमान काढून घेऊ शकतो. आता सांगा, ही सावड नाही तर काय? एक बैल माझा, एक तुझा. आज तुझं रान, उद्या माझं.

जुना सुभेदार: आमच्या गावात सावडायला जातात ते तिसऱ्या दिवशी, स्मशानात. लेख वाचणाऱ्याला राख आठवली तर?

बांधावरून: सुभेदारसाहेब, ते ‘सावडणे’. हे ‘सावड करणे’, ‘सावडीनं पेरणी’. वाक्यात बैल-नांगर नसले तरी ‘सावडीनं’ म्हटलं की अर्थ लागतो. घोटाळा वाटत असेल तर त्याच अर्थाचा ‘पैरा’ घ्या, पण तो शहरात कुणाला कळेल?

शब्दवेडी: ‘इर्जिक’ चालेल का? ऐकायला गोड आहे.

बांधावरून: नाही चालणार. इर्जिकीत गाव एकाच्या रानात राबतं, बोलावणारा जेवू घालतो आणि विषय संपतो, कोण किती राबलं हे कुणी लिहून ठेवत नाही. आइंडहोवनला तासांची वही आहे. आता दुसरा व्यवहार. हंगेरीत पापा इथल्या तळावर तीन सी-१७ मालवाहू विमानं आहेत, २००९ पासून. बारा देशांनी मिळून घेतलेली. (त्यात अमेरिकाही आहे, म्हणजे निव्वळ युरोपीय मामला नव्हे.) विमानांवर खूण हंगेरीची, पण उड्डाणाचे तास ज्याच्या त्याच्या हिश्श्याप्रमाणे. ही झाली समाईक विहीर. सातबाऱ्यावर चार आणे हिस्सा असेल तर तितक्याच पाण्यावर हक्क. इथं ‘सावड’ लिहिलंत तर चूक होईल.

जुना सुभेदार: बेल्जियम आणि नेदरलँड्सच्या नौदलांचं तिसरंच. सुरुंगशोधक जहाजांची देखभाल आणि प्रशिक्षण बेल्जियमकडे, फ्रिगेट या युद्धनौकांची नेदरलँड्सकडे, दोघांच्याही जहाजांसाठी. त्याला सरळ ‘कामवाटणी’ म्हणा. आणि ताई, ‘क्षमतांचे’ हे अनेकवचन मला खटकतं. सैनिक ‘आमच्याकडे क्षमता आहेत’ असं कधी म्हणत नाही. माणसं, यंत्रं, सराव म्हणतो.

शब्दवेडी: ते काढते. मग ‘क्रायसिस मॅनेजमेंट’? मी आपलं ‘आपत्ती व्यवस्थापन’ टाकलंय.

जुना सुभेदार: ते बदला. ‘आपत्ती व्यवस्थापन’ म्हटलं की वाचकाला जिल्हाधिकारी कचेरीतला नियंत्रण कक्ष आणि पुरातल्या रबरी बोटी दिसणार. युरोपचा अर्थ वेगळा आहे. १९९२ च्या, जर्मनीतल्या पीटर्सबेर्ग इथं झालेल्या जाहीरनाम्यात मानवतावादी मदत होतीच, शिवाय शांतिरक्षण आणि प्रत्यक्ष लढणाऱ्या फौजेची कामंही होती. २००३ मध्ये काँगोतल्या बुनियाला फ्रेंचांच्या पुढाकारानं युरोपीय संघाची फौज गेली, २००४ च्या अखेरीस बोस्नियात नाटोकडून जबाबदारी घेतली. तिथं पाणी चढलं नव्हतं. बुनियात माणसं मारली जात होती, बोस्नियात युद्धानंतरची शांतता टिकवायची होती.

शब्दवेडी: ‘पेचप्रसंग हाताळणी’?

जुना सुभेदार: सरकार अल्पमतात आलं की वर्तमानपत्रं ‘पेचप्रसंग’ छापतात, तिथं गोळी चालत नाही. पण ‘आपत्ती’पेक्षा बरं. पहिल्यांदा येईल तिथं ‘सशस्त्र पेचप्रसंग’ करा.

शब्दवेडी: शेवटचं विचारते. युरोपीय संघाच्या ‘बॅटलग्रुप’ला मी ‘लढाऊ गट’ म्हणतेय. सुमारे दीड हजार सैनिकांचा एक गट, असे दोन गट एका वेळी सहा महिने सज्ज, अशी मूळ व्यवस्था होती. २००७ मध्ये ती पूर्ण ताकदीनं सुरू झाली, पण हे गट लढायला एकदाही पाठवलेले नाहीत. हीसुद्धा सावडच म्हणू?

बांधावरून: म्हणा, पण मोडलेली. नियम असा की खर्च जिथं पडेल तिथं. म्हणजे ज्याची पाळी असताना फौज निघेल त्याच्याच खिशातून बराचसा पैसा जाणार. बैल माझे, वैरण माझी, रान तुझं. मग कुणी बैल सोडेल का?

शब्दवेडी: हे वाक्य मी तस्संच घेतेय. शीर्षकात ‘सावड’, आत पापाच्या विमानांपाशी ‘समाईक’.

जुना सुभेदार: आणि स्मशानाची तळटीप नको.