शालेय मंत्रिमंडळाला खरे अधिकार द्यायचे की नुसता शपथविधीच करायचा?

पाटीपेन्सिल
आमच्या जिल्हा परिषद शाळेत यंदाची मंत्रिमंडळाची निवडणूक झाली. मोबाइलवर मतदान यंत्र, बोटाला शाई, शपथविधी, ग्रुपवर फोटो, सगळं साग्रसंगीत. आता स्वच्छतामंत्री वर्ग झाडून घेतो आणि पाणीमंत्री टाकीचं झाकण बघतो. पूर्वी मॉनिटर हेच करायचा, फक्त हुद्दा वाढला! माझं मत स्पष्ट आहे: ज्या मंत्र्याला गुरुजींना 'नाही' म्हणता येत नाही, त्याला मंत्री म्हणू नये.

हे शक्य नाही म्हणणाऱ्यांसाठी एक उदाहरण. यानुश कोर्चाक या डॉक्टरांनी 1912 मध्ये आजच्या पोलंडमधल्या वॉर्सात ज्यू अनाथ मुलांसाठी घर उघडलं. तिथे मुलांची संसद होती आणि मुलांचंच न्यायालय. न्यायाधीश पाच, तेही चिठ्ठ्या टाकून, आणि त्या आठवड्यात ज्यांच्यावर एकही खटला नाही अशांतून. नोंदी ठेवायला एक मोठं माणूस, पण त्याला मत नाही. खुद्द कोर्चाकांनी सहा महिन्यांत पाच वेळा स्वतःला या न्यायालयापुढे उभं केलं. एकदा एका मुलाचा कान पिळला म्हणून! आपल्यापैकी किती शिक्षक चौथीतल्या पोरांपुढे असे उभे राहतील?

माजी मुख्याध्यापिका
असहमत. सर, तुम्ही अनाथालयाचं उदाहरण देताय. तिथे मुलं चोवीस तास राहायची, भांडण झालं तर ते मिटवायला अख्खी संध्याकाळ असायची. इथे दोनशिक्षकी शाळा, चार इयत्ता, त्यात पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती आणि मतदार याद्या. न्यायालय कधी भरवायचं? प्रार्थनेच्या आधी की खिचडीनंतर?

दुसरं, गाव शाळेच्या फाटकाबाहेर थांबत नाही. मुख्यमंत्री कोण होतो ते मी वर्षानुवर्षं पाहिलंय. ज्याच्या घरात पॅनेल आहे, तो. मुलं मतदान करतात ते आळीआळीनं. असल्या बहुमताच्या हाती शिक्षेचा अधिकार दिला, तर वस्तीवरच्या पोरीचं काय होईल ते तुम्हीच सांगा.

वकीलसाहेब
बाईंशी सहमत, आणि कायद्याच्या अंगानं भर घालतो. शिक्षण हक्क कायद्याच्या 17व्या कलमानं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. वर्गापुढे उभं करून सोबत्यांनी दोषी ठरवणं हा छळ नाही का? 'न्यायालय मुलांचं होतं' म्हणून जबाबदारी शिक्षकाची सुटणार नाही.

पाटीपेन्सिल
साहेब, कोर्चाकांची संहिता बघा. पहिली 99 कलमं माफीची. आरोप मागे घेतला, चूक नकळत झाली, परत करणार नाही असं सांगतो, वगैरे. दोष ठरतो तो 100व्या कलमापासून. पुढे शंभराच्या टप्प्यांनी चढत 1000, म्हणजे घरातून रवानगी. शिक्षा हवी म्हणून हे न्यायालय उभं केलेलंच नव्हतं. बाई म्हणतात ती वस्तीवरची पोर आज कुठे दाद मागते? सरांकडे. आणि तक्रार सरांचीच असेल तर?

आळीचं मतदान हा खरा प्रश्न आहे, ते मान्य. म्हणून तर चिठ्ठ्या. चिठ्ठीला पॅनेल लावता येत नाही.

लोवेलकर
मी मॅसॅच्युसेट्समध्ये राहतो. इथल्या लोवेल या जुन्या कापडगिरण्यांच्या शहरात 1981 मध्ये अशी एक सरकारी शाळा सुरू झाली. कल्पना जॉर्ज रिचमंड यांची, ते आधी ब्रुकलिनमध्ये शिक्षक होते. शाळेचं स्वतःचं चलन. मुलं नोकरी करायची, पगार घ्यायची, कर भरायची. बँक, बाजार, वर्तमानपत्र, न्यायालय सगळं त्यांचं. टक्केवारी आणि व्याज का शिकायचं हे तिथे कुणाला समजावून सांगावं लागायचं नाही. मला वाटतं आपण न्यायालयापेक्षा बँकेपासून सुरुवात करावी. भांडणं कमी होतील.

पोरीची आई
कमी होतील? दादा, आमच्याकडे बाल आनंद मेळावा असतो. पोरं भेळ, वडे, भाजी विकतात. आदल्या रात्री वडे तळते आई, दुकान मांडतो बाबा, नफा मोजते पोर. आणि जिच्या घरी शंभर रुपयांचं सामान भरायला पैसे नाहीत ती दिवसभर गिऱ्हाईक होऊन फिरते, तेही खिसा रिकामा ठेवून. बँक काढली तरी तिच्या खात्यात काय असणार?

लोवेलकर
ताई, तिथे घरून पैसे आणायचेच नसायचे. चलन शाळेतच कमवायचं. पण कुणाकडे जास्त साठायचं आणि कुणी कायम मागे राहायचं, हे तिथेही व्हायचंच. माझ्या मते ते लपवण्यापेक्षा मुलांनी कर किती लावायचा यावर भांडावं.

माजी मुख्याध्यापिका
मुलांनी कंटाळून न्यायालयाकडे पाठ फिरवली तर? उत्साह दिवाळीपर्यंत टिकतो, हा माझा अनुभव.

पाटीपेन्सिल
कोर्चाकांच्या इथेही ते झालं. मुलं निकाल जुमानेनात, तेव्हा त्यांनी काही आठवडे न्यायालय बंदच ठेवलं. परत सुरू केलं ते सुधारून: अपील करता येईल आणि मोठ्यांवरही खटला भरता येईल असं. ढेपाळलं तेव्हा त्यांनी अधिकार वाढवले. आपण अशा वेळी फलक गुंडाळतो आणि पुढच्या जूनला पुन्हा शाई आणतो.

वकीलसाहेब
इंग्लंडमधलं समरहिल हेही एक उदाहरण. 1921 पासूनची शाळा, सभेत लहान मुलाचं आणि शिक्षकाचं मत सारखं. तास ऐच्छिक, म्हणून सरकारी तपासणीत अडकली. 2000 मध्ये प्रकरण लवादापुढे गेलं, तडजोडीचा मसुदा आला आणि मुलांनी न्यायदालनातच सभा भरवून तो मान्य केला. दृश्य झकास! पण फी भरून मुलं घालायची ती निवासी शाळा. त्यावरून आपल्या वाडीवरच्या शाळेचं धोरण ठरवू नका.

पाटीपेन्सिल
बरं, न्यायालय राहू द्या. एकच गोष्ट मागतो. स्नेहसंमेलनाचा खर्च कशावर करायचा हे मंत्रिमंडळानं ठरवावं. मंडप लहान करून ग्रंथालयाला पुस्तकं घ्यायची म्हणाले, तर घ्यायची. उलटं म्हणाले तरी तेच करायचं.

पोरीची आई
याला माझा पाठिंबा. हिशेब फळ्यावर लिहा मात्र.

माजी मुख्याध्यापिका
लेखापरीक्षणाला सही मुख्याध्यापकाची लागते, पोराची नाही.

पाटीपेन्सिल
सही मुख्याध्यापकाचीच राहू द्या बाई. ठरवू द्या त्यांना.

माजी मुख्याध्यापिका
आणि आक्षेप निघाला की वसुली कुणाच्या पगारातून, तेही ठरवतील का?