.२२च्या ६० काडतुसांसाठी लाकडी ठोकळा आणि पेटी: भोकं किती मापाची?

होटगीरोड_५०मी:
थ्री पोझिशनसाठी (तीन स्थितींतली रायफल नेमबाजी) काडतुसं उभी ठेवायचा ठोकळा करतोय. पॅकिंगच्या पाइनवर ६ मिमी बिटाने ट्रायल घेतली. निम्मी भोकं तिरकी, काही काडतुसं अडकतात. ट्रायल पेटीचं एकसंध फळीचं झाकण एप्रिलमध्ये वाकलं. सोलापूरच्या उन्हात लाकूड सुकून भोकं आवळतात का? सागवान घेऊ का?

रंधा_आणि_गुण्या:
सागवान घ्या, पण जुनं. मोडक्या चौकटीचं मिळालं तर सोनं, मात्र आधी खिळे तपासा.

६ मिमी बिट सोडा. .२२ एलआरची (लाँग रायफल काडतूस) केस, म्हणजे पितळी नळी, ५.७ मिमी, म्हणजे फट जेमतेम ०.३. हार्डवेअरवाल्याकडे दोन सुती बिट मागा (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), ६.३५ मिमी. रिम, म्हणजे बुडाची कडा, ७.१ची असते, त्यामुळे काडतूस आत बुडत नाही.

ठोकळा १६० × १२० × २५ मिमी. दहाच्या सहा ओळी, भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत १५. दर दोन ओळींनंतर २५ सोडा. एका पोझिशनला २० शॉट, त्यामुळे नीलिंग (गुडघ्यावर), प्रोन (पालथं), स्टँडिंग (उभं) नजरेनेच मोजता येतं. सायटिंगची (नेम जुळवायच्या सरावाची) काडतुसं ठोकळ्यात घालू नका, हिशोब बिघडतो.

खोली १५ मिमी. काडतूस २५.४ लांब, म्हणजे गोळी खाली ठेवल्यावर वर १० मिमी उरतं, चिमटीत नीट येतं. हातातल्या ड्रिलने ६० भोकं सरळ पडत नाहीत, बेंच ड्रिलच हवं. मागे पट्टी क्लॅम्प करा आणि ठोकळा तिला टेकवून सरकवा, ओळ आपोआप सरळ येते.

सुताची_फूटपट्टी:
उन्हाचा दोष भोकांवर ढकलू नका की ओ. पावसाळा ते मे सागवान आडव्या रेषेत फार तर दीड टक्का आकसतं. ६ मिमीच्या भोकाला ते ०.१ मिमीसुद्धा होत नाही. तुमची भोकं आवळली ती बोथट बिटाने. धागा कापला न जाता दबतो आणि नंतर फुगून आत येतो. पाइनमध्ये हे जास्तच. तोच दीड टक्का १४० मिमी रुंद झाकणावर मात्र २ मिमी होतो. खरी अडचण तिथे आहे.

झाकणाला ६ मिमी प्लाय चौकटीच्या खाचेत बसवा. एकसंध फळीच हवी असेल तर खाचेत फेविकॉल लावू नका, तिला सरकायला जागा ठेवा.

आणि भोकांतला भुसा! .२२च्या गोळीवर मेणचट वंगण असतं, भुसा त्याला चिकटतो आणि थेट बॅरलमध्ये जातो. कापूस गुंडाळलेल्या काडीने भोकं झाडा, लाखेच्या पातळ पॉलिशचा एकच हात आतून द्या, दोन दिवस वाळू द्या.

रंधा_आणि_गुण्या:
पेटीची आतली उंची ४० धरा. ठोकळा आणि वर निघालेलं काडतूस मिळून ३५.४ होतं. झाकणाला आतून ४ मिमी फेल्ट चिकटवलं की अर्धा मिमी फट उरते. पेटी उलटली तरी काडतुसं सांडत नाहीत आणि झाकण रिमवर आपटत नाही. .२२सारख्या रिमफायर काडतुसाचा स्फोटक मसाला रिममध्येच असतो, म्हणून अडकलेलं काडतूस ठोकून काढायचं नाही. माप घ्यायलाही झाडलेल्या रिकाम्या केसच वापरा. त्या किंचित फुगलेल्या असतात, त्या सैल बसल्या तर नवी बसणारच.

आतून चामडं लावायचा मोह होतो. नको. कमावलेल्या चामड्याने पितळेवर हिरवा गंज चढतो.

होटगीरोड_५०मी:
क्लबमधले एकजण .३०-०६ (मोठ्या रायफलचं काडतूस) साठी असाच लोडिंग ब्लॉक विचारतायत.

सुताची_फूटपट्टी:
चार सुती बिट, १२.७ मिमी. बूड १२ मिमीचं आहे. काडतूस ८५ लांब, म्हणून बूड खाली, खोली निदान ३०, ठोकळा ४५ जाड, मध्यापासून मध्यापर्यंत २२. फक्त त्यांना सांगा, हा ठेवायचा ठोकळा. घरी रिकाम्या केसमध्ये प्रायमर (ठिणगी पाडणारी टोपी) आणि बारूद भरणं म्हणजे दारूगोळा बनवणं, रायफलच्या परवान्यावर ते चालत नाही.