ताकद आहे, पण हात-पाय ऐकत नाहीत : अटॅक्सियाबद्दल माहिती हवी आहे

बाबांबद्दल विचारायचं आहे. वय ६२. फिट्सचा त्रास जुना, त्यासाठी फेनिटॉइन वर्षानुवर्षं चालू आहे. गेल्या काही आठवड्यांत त्यांची चाल बदलली. पाय फाकवून चालतात, वळताना भिंत धरतात. पेला घ्यायला हात पुढे करतात तेव्हा आधी सगळं ठीक असतं, पण पेला जवळ आला की हात थरथरायला लागतो आणि कधी कधी पेल्याच्या पलीकडेच जातो. हात मांडीवर असला की मात्र जराही हलत नाही. बोलणंही संथ, शब्द तोडून तोडून.

घरात सगळे अशक्तपणाच म्हणत होते. न्यूरॉलॉजिस्टनी हातापायांची ताकद तपासली, ती उत्तम निघाली. मग आधी स्वतःच्या नाकाला, लगेच डॉक्टरांच्या बोटाला बोट लावायला सांगितलं. एका पायाची टाच दुसऱ्या नडगीवरून सरळ खाली न्यायला सांगितली. दोन्ही धड जमेना. फाइलवर 'अटॅक्सिया' (म्हणजे हालचालींचा ताळमेळ बिघडणं) लिहिलं आणि एमआरआय, बी-१२, थायरॉइड व रक्तातली फेनिटॉइनची पातळी तपासायला दिली. रिपोर्ट यायचेत.

ताकद शाबूत असताना हालचाल चुकते कशी? इतकी वर्षं चाललेल्या गोळीवर आत्ताच संशय का? आणि यातून माणूस बरा होतो का? जाणकारांनी कृपया सांगावं. नुसता धीर नको, खरं काय ते कळू द्या.

प्रतिसाद १ :
स्नायू ओढतात, पण किती ओढायचं आणि कुठे थांबायचं याचा ताळमेळ लहान मेंदू ठेवतो. तो डोक्याच्या मागच्या भागात, खाली असतो. आकाराने संपूर्ण मेंदूच्या साधारण १० टक्के, पण मेंदूतल्या निम्म्याहून जास्त चेतापेशी त्याच्यात असतात. हालचाल चालू असतानाच तो ती दुरुस्त करत राहतो. ही दुरुस्ती बिघडली की हात लक्ष्याजवळ येताना थरथरतो, पुढे निघून जातो. पार्किन्सनमधला कंप बहुधा उलट असतो, हात स्वस्थ असताना जास्त दिसतो. तुम्ही मांडीवरच्या हाताचं लिहिलंत ते डॉक्टरांना नक्की सांगा.

गोळीबद्दल. फेनिटॉइन शरीराबाहेर टाकण्याची यकृताची क्षमता मर्यादित असते. ती मर्यादा गाठली की डोस थोडासा वाढवला तरी रक्तातली पातळी एकदम चढते. शिवाय दुसरं एखादं नवीन औषध सुरू झालं तरी ती वाढू शकते. सर्वसाधारण पातळी दर मिलिलिटरला १० ते २० मायक्रोग्रॅम धरतात. त्यावर गेली की डोळ्यांची बुबुळं झटके देत हलणं, तोल जाणं, जीभ जड होणं सुरू होतं. म्हणून डोस कधी बदलला, अलीकडे कुठली नवी गोळी लागली, हे तारखांसकट लिहून न्या. पण रिपोर्ट येईपर्यंत गोळी आपल्या मनाने बंद करू नका. अचानक थांबवली तर जोरदार फिट्स येऊ शकतात.

बरं होण्याचं उत्तर कारणावर अवलंबून. औषधाची पातळी, बी-१२ किंवा ई जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड, दारू, ही सुधारता येण्यासारखी कारणं असल्याने ती आधी शोधतात. मात्र उशीर झाला तर नुकसान काही अंशी कायमचं राहू शकतं, फेनिटॉइनच्या दीर्घ वापरानेही लहान मेंदू आक्रसू शकतो. आनुवंशिक प्रकार बहुतेक हळूहळू, वर्षांच्या हिशेबाने वाढतात.

एक विचारतो : अंधारात किंवा तोंड धुताना डोळे मिटले की तोल जास्त जातो का?

प्रतिसाद २ :
एक महत्त्वाचं. हाच त्रास काही मिनिटांत किंवा तासांत अचानक सुरू झाला, सोबत जोराचं डोकं दुखणं, उलट्या, दोन-दोन दिसणं असेल, तर थेट इमर्जन्सीत जायचं. लहान मेंदूच्या स्ट्रोकमध्ये चेहरा वाकडा न होता आणि हात लुळा न पडताही माणूस उभा राहू शकत नाही. सुरुवातीच्या सीटी स्कॅनमध्ये तो सुटूही शकतो, एमआरआयमध्ये सापडण्याची शक्यता जास्त.

धागाकर्ती :
खूप आभार. आज बाबांना शेजारी उभं राहून डोळे मिटायला सांगितलं. फारसा फरक नाही, उघडे असतानाही तेवढेच डोलतात. डोस वाढवल्याची चिठ्ठी सापडली, चाल बिघडायच्या थोडंच आधीची आहे. फिजिओथेरपी आत्ताच सुरू करावी की रिपोर्ट येऊ द्यावेत?

प्रतिसाद १ :
डोळे मिटल्यावर तोल बराच बिघडला असता तर पायांकडून येणारी सांध्यांच्या स्थितीची जाणीव कमी झाल्याचा संशय आला असता, बी-१२च्या कमतरतेत तसं होतं. तुमचं वर्णन लहान मेंदूकडे झुकतंय, तरी ठरवायचं डॉक्टरांनीच. ती चिठ्ठी रिपोर्टची वाट न बघता उद्याच त्यांना फोन करून कळवा. फिजिओथेरपीचंही तेव्हाच विचारा, तोलाचे व्यायाम सहसा लवकर सुरू करतात. तोवर बाथरूममध्ये धरायला दांडी बसवा आणि रात्री बाबांना एकटं उठू देऊ नका.