मदत हवी आहे: ओझीची सीडी आणि कॅसेट वेगळी का वाजते?

घाईत_बाई
दादाचा पन्नासावा वाढदिवस रविवारी आहे. कॉलेजात घेतलेली त्याची लाडकी कॅसेट ऐकून ऐकून पार झिजली, म्हणून ओझी ऑस्बर्न या रॉक गायकाच्या पहिल्या अल्बमची सीडी आणली. काल गुपचूप लावून बघितली तर वेगळंच वाजतंय! डुप्लिकेट आहे का? दुकानदार म्हणतो सील फोडलंत, आता परत घेणार नाही. लवकर सांगा.

खरखर
पहिला म्हणजे कुठला? ब्लॅक सबाथ या त्याच्या बँडचा १९७० चा, की एकट्याचा?

घाईत_बाई
एकट्याचा हो. 'ब्लिझर्ड ऑफ ऑझ', 'क्रेझी ट्रेन' गाणं असलेला. अजून कुठला असणार?

जुना_डेक
प्लेयरचा बेल्ट सैल झालाय. डोळे मिटून सांगतो. बेल्ट बदला, कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन हेड पुसा, पिंच रोलरही पुसा. माझा डेक अजून खणखणीत आहे, तो याच्याच जोरावर.

घाईत_बाई
काका, कॅसेट बरोबर वाजते. सीडी वेगळी वाजते.

खरखर
वेगळी म्हणजे नक्की काय? वेग, सूर की वाद्यं?

घाईत_बाई
ओझी तोच, गिटारही तीच. ड्रम भलतेच. लहानपणी दादाबरोबर मांडीवर ठेका धरायचे, तो हाताला पाठ आहे. काल 'आय डोन्ट नो'ला माझा हात एकीकडे आणि ड्रम दुसरीकडे.

मंद्रसप्तक
हे आधीच सांगितलं असतं तर! डुप्लिकेट नाही, तुमच्या हाती २००२ ची आवृत्ती लागली आहे.

१९८० मध्ये इंग्लंडमध्ये सरेतल्या रिज फार्म स्टुडिओत हा अल्बम झाला, तेव्हा बास गिटारवर बॉब डेझली आणि ड्रमवर ली कर्स्लेक होते. पुढे श्रेय आणि रॉयल्टीवरून दोघांचं ओझीच्या गोटाशी कोर्टापर्यंत गेलं. मग २००२ च्या सीडीत त्यांचं वादनच पुसलं आणि रॉबर्ट ट्रुहियो (बास) व माइक बोर्डिन (ड्रम) यांच्याकडून नव्याने वाजवून घेतलं. रँडी ऱ्होड्सची गिटार तेवढी जुनीच राहिली. तो १९८२ मध्ये विमान अपघातात गेला होता, अवघ्या पंचविशीत. २०११ च्या आवृत्तीत मूळ बास-ड्रम परत आले.

मागची यादी मोजा. मूळ गाणी नऊ. दहा असतील तर २००२ ची, बारा असतील तर २०११ ची. आणि बुकलेटमध्ये बासपुढे कुणाचं नाव आहे ते बघा.

लोहभस्म
एवढा आटापिटा कशासाठी? सबाथचा गिटारवाला टोनी आयोमी, त्याची एक रिफ, गिटारची धून, ऐका, हे सगळं पोरकट वाटेल. सबाथनंतर ओझी संपला.

मंद्रसप्तक
१९७९ मध्ये बँडने हाकललेल्या माणसाचा हा अल्बम एकट्या अमेरिकेत ४० लाखांवर खपला. असं संपायला मलाही आवडेल.

लोहभस्म
खपला म्हणजे चांगला? वडापावही खपतो.

खरखर
वडापाव चांगलाच असतो. धागा भरकटवू नका.

सहा_तारा
मुलांना गिटार शिकवायची असेल तर यातल्या 'डी'पासून सुरुवात करा. रँडीने आईसाठी केलेला तुकडा, जेमतेम मिनिटभराचा. पण बोटं आधी नीट बसायला हवीत, नायलॉनच्या तारा घ्या, क्लास मात्र घराजवळचाच लावा.

घाईत_बाई
कोणाला शिकायचंय? दादा पन्नास वर्षांचा होतोय!
असो. मोजली, दहा निघाली. बारीक अक्षरात ट्रुहियोचं नावही आहे. @मंद्रसप्तक, तुमचे उपकार. आता मूळ वादनाची रविवारच्या आत कुठून आणू?

मंद्रसप्तक
जुन्या सीडी विकणाऱ्यांकडे विचारा, पण पैसे देण्याआधी मागच्या बाजूचा फोटो मागवा. समोरच्या चित्रावर जाऊ नका, फसाल.

घाईत_बाई
एकाने फोटो पाठवला. नऊच गाणी आहेत, १९९५ लिहिलंय. चालेल ना? तो तासभरच थांबतो म्हणतोय.

मंद्रसप्तक
पळा.

घाईत_बाई
घेतली. 'आय डोन्ट नो' लावलं, हात बरोबर पडला.

जुना_डेक
छान. पण बेल्ट बदलाच.