बंब शेजारचा, आग आपली: लगतच्या शहरांनी अग्निशमन दल सामायिक करावं का? (टोपणनावांनी झालेली चर्चा)

उंबरठा

शहराच्या कडेला राहणाऱ्या माणसाला आपल्या शहराचं अग्निशमन केंद्र सात किलोमीटरवर असतं आणि शेजारच्या शहराचं दोनवर. आग लागली की बंब सात किलोमीटरवरून निघतो, कारण तो माणूस कर तिकडे भरतो. आग हाताबाहेर गेली की मग तिथला अधिकारी शेजाऱ्यांना फोन करतो. ही परस्पर मदत बऱ्याच ठिकाणी असते आणि ती फार उशिरा येते.

माझं म्हणणं असं की पहिल्याच वर्दीला जवळचा बंब सुटावा, हद्द कुणाचीही असो. आणि वर्षातून एकदा दोन्ही दलांनी एकमेकांची तपासणी करावी. हल्लीच्या घरांत फोम आणि प्लास्टिक इतकं असतं की पाच मिनिटांच्या आत अख्खी खोली एकदम पेट घेऊ शकते. अमेरिकेतल्या एनएफपीए १७१० या मानकात पहिल्या बंबाच्या प्रवासाला चारच मिनिटं धरली आहेत. एप्रिल १९४१ मध्ये ब्रिटनच्या उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टवर जर्मन बॉम्ब पडले, तेव्हा तटस्थ आयर्लंडने सरहद्दीपलीकडे तेरा बंब पाठवले होते. तिथे दोन देशांची हद्द आड आली नाही, मग दोन शहरांची का यावी?

कोनाडा

उंबरठा, तुमची कळकळ पटते, योजना पटत नाही. शेजारचा बंब येतोच आहे तर आपला कशाला पोसायचा, हा प्रश्न अंदाजपत्रकाच्या पहिल्याच बैठकीत निघेल. आज सामायिक, उद्या एक केंद्र बंद. आणि बंद होणारं केंद्र लहान शहराचंच असेल.

मोठं केलं की चांगलं होतं, हेही खरं नाही. इंग्लंडने आगीच्या वर्दी घेणाऱ्या ४६ स्थानिक नियंत्रण कक्षांच्या जागी नऊ प्रादेशिक कक्ष करायला घेतले. २००४ मध्ये सुरू झालेला तो प्रकल्प २०१० मध्ये गुंडाळला आणि किमान ४६ कोटी ९० लाख पौंड पाण्यात गेले. आपल्या केंद्रातल्या जवानाला कुठल्या बोळात बंब वळत नाही, कुठल्या हायड्रंटचं, म्हणजे बंबासाठीच्या रस्त्यावरच्या नळाचं, झाकण डांबराखाली गेलंय हे तोंडपाठ असतं. शेजारच्याला ते कोण सांगणार? आणि कधी?

जुना जवान

मी बावीस वर्षं दलात काढली. एका गोदामाच्या आगीला शेजारच्या दलाकडे मदतीला गेलो होतो. होज, म्हणजे पाण्याचा पाइप, अंथरला, हायड्रंटपाशी गुडघ्यावर बसलो आणि त्याच्या टोकाचं कपलिंग फिरवायला लागलो. अर्धा आटा बसला की अडकायचं. काढलं, पुसलं, पुन्हा लावलं. चौथ्यांदा लक्षात आलं की आटेच वेगळे आहेत. मागे गोदामाचे पत्रे तापून तडतडत होते आणि माझ्या हातात कोरडा होज. पाणी समोर होतं, दोन वितींवर.

हे जगाला फार आधीपासून ठाऊक आहे. ७ फेब्रुवारी १९०४ ला अमेरिकेतलं बाल्टिमोर शहर पेटलं. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्कहून बंब आले, पण कित्येकांचे होज तिथल्या हायड्रंटला बसेनात. दीड हजारांवर इमारती गेल्या. त्यानंतर प्रमाण आटे ठरले, तरी १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ऑकलंडच्या टेकड्यांवर तेच: शहराचे हायड्रंट तीन इंची, बाहेरून आलेले होज अडीच इंची.

म्हणून मी सामायिक सेवेच्या बाजूचा आहे, पण करारावर सही व्हायच्या आधी होज जोडून बघा, वायरलेसवर एकमेकांना हाक मारून बघा. एकत्र सराव न करता केलेला करार म्हणजे आग लागल्यावर विहीर खणणं.

कोनाडा

सराव हवा, मान्य. पण तपासणीचं काय? दोन शेजारी एकमेकांना तपासणार म्हणजे अहो रूपम् अहो ध्वनिः. यंदा मी तुमची चूक झाकतो, पुढच्या वर्षी तुम्ही माझी. इंग्लंडमध्ये २०१७ पासून पोलिसांची तपासणी करणाऱ्या संस्थेकडेच अग्निशमन दलांची तपासणीही दिली आहे, कारण परीक्षक बाहेरचा लागतो.

दीपमाळ

बाहेरचा परीक्षक हवाच. तरीही शेजाऱ्याला जे दिसतं ते त्याला दिसणार नाही, कारण शेजारी त्याच आगीत उभा असतो.

मला जास्त काळजी आहे ती तपासणीत काय मोजतात याची. बहुतेक अहवालांत सरासरी वेळ असते. केंद्राला लागून असलेल्या वस्तीत तीन मिनिटं आणि कडेच्या वस्तीत तेरा, सरासरी आठ, आणि अहवाल समाधानकारक! दहापैकी नऊ वर्दींना किती मिनिटांत पोचलात ते विचारा. घड्याळ बंब निघाल्यापासून नाही, फोन वाजल्यापासून लावा.

आणि बंबावर माणसं किती, तेही मोजा. अमेरिकेत नियम आहे की दोघे आत शिरले तर दोघे बाहेर तयार हवेत. म्हणजे तिघांचा बंब दारात पोचूनही, आत कुणी अडकल्याचं कळलं नसेल तर, चौथ्याची वाट बघतो. दोन लहान शहरांकडे तीन-तीन माणसं असतील तर वेगवेगळी दोन्ही दलं दारातच थांबणार. एकाच वर्दीला दोन्ही सुटली की सहा जण होतात. कोनाडा, लहान शहराचं केंद्र वाचवायचं तर याहून भक्कम कारण मला माहीत नाही.

पहाटवारा

मी स्वयंसेवक आहे. पगार नाही, नोकरी दुसरीकडे. वर्दी आली की हातातलं काम टाकून पळतो आणि मालकाने आजवर ते चालवून घेतलं, कारण आग आमच्याच लोकांची असते. शेजारचं शहर आमच्या चौपट आहे. उद्या त्यांच्या प्रत्येक खोट्या अलार्मला आम्ही धावायचं ठरलं, तर वर्षभरात निम्मे जण गणवेश परत करतील. आणि आम्ही तिकडे असताना इकडे आग लागली तर? दोन वर्षांमागे नेमकं तेच झालं. घर वाचलं नाही. त्या बाईंना बाजारात बघितलं की अजून मला मान वर करता येत नाही.

उंबरठा

पहाटवारा, हे मी धरलंच नव्हतं. अलार्मच्या वर्दीला ज्याचं शहर त्याचाच बंब, शेजाऱ्याचा सुटेल तो धूर किंवा ज्वाळा दिसल्याची खबर आली तरच, एवढं घालता येईल. कोनाडा, कराराच्या मुदतीत एकही केंद्र बंद होणार नाही, हेही लेखी हवं. केंद्र बंद होण्याच्या तुमच्या आक्षेपाला याहून दुसरं उत्तर माझ्याकडे नाही.

जुना जवान

पहाटवारा, तुमचा बंब हद्दीबाहेर पडला की त्याच क्षणी तिसऱ्या शहराचा बंब तुमच्या केंद्रात येऊन उभा राहायला हवा, आग विझायची वाट न बघता. बऱ्याच दलांत ही पद्धत आहे, आम्हीही ती पाळायचो. परक्या केंद्रात रात्रभर बसायचो आणि तिथल्या नकाशावर हायड्रंट शोधत राहायचो.

पहाटवारा

तिसरं शहर कबूल झालं तर मी आमच्या पोरांशी बोलतो. आधी होज जोडून बघू.