ओम्म्योजी, ओनि आणि 'शु': मराठीत काय म्हणावं?

सध्या रात्री जेवणं आटोपली की मी आणि आई सेइमेइ-हिरोमासाची जपानी मालिका लावतो. खालच्या इंग्रजी ओळी आईच्या नजरेत मावत नाहीत, म्हणून मी मराठी करून मोठ्यानं सांगते आणि तिथंच अडते. म्हणून इथं सगळ्यांना विचारतेय.

काळ दहाव्या शतकातला, राजधानी आजच्या क्योतोत. आबे नो सेइमेइ (९२१–१००५) हा ओम्म्योजी. मिनामोतो नो हिरोमासा (९१८–९८०) हा दाइगो सम्राटाचा नातू, बासरी आणि बिवा हे तंतुवाद्य वाजवणारा. दोघंही खरोखर होऊन गेलेले. मालिकांत (एनएचकेची २००१ ची, नंतरच्याही) एक भुताखेतांचं निस्तरतो आणि दुसरा वाजवतो.

पहिल्याच दिवशी मी 'मांत्रिक' म्हणून मोकळी झाले. आई म्हणाली, "मांत्रिक? मग दरबारात एवढा मान कसा?" त्यात तिला वाटत होतं की गृहस्थाचं नाव ओम्म्यो आणि पुढचा 'जी' आपला आदराचा. तो जी म्हणजे गुरू, जाणकार. 'ओम्म्यो' म्हणजे यिन-यांग. तर ओम्म्योजीला मराठीत काय म्हणाल? ओनि म्हणजे तिथल्या गोष्टींतला भुताखेतांपैकी एक, त्याला राक्षस म्हणावं का? आणि सेइमेइच्या तोंडी सारखा येतो तो 'शु' हा शब्द कसा आणावा? मंत्र म्हटलं तर फार सोवळं वाटतं, शाप म्हटलं तर फार कडू.

*

मांत्रिक नकोच. आमच्या कोकणात त्यातल्या त्यात मानाचा शब्द पंचाक्षरी. पण माझ्या मते सेइमेइ पंचाक्षरीही नव्हे, जोशी. ओम्म्यो हे सरकारी खातं होतं: पंचांग करायचं, आकाश बघायचं, घटिकापात्रासारख्या जलघड्याळावर वेळ राखायची, शकुन सांगायचे. सेइमेइ स्वतः त्यात ज्योतिषाचा अध्यापक होता. खातं बंद झालं ते थेट १८७० मध्ये.

त्यांच्याकडे 'काता-तागाए' म्हणून चाल होती. जायचंय त्या दिशेला आज दोष असेल तर आदल्या रात्री तिसरीकडेच मुक्काम करायचा आणि सकाळी तिथून निघायचं, म्हणजे दिशा बदलते. वाचलं तेव्हा मला हसू आलं, कारण आमचे आजोबा गुरुवारी दक्षिणेला जायचं तर दिशाशूल म्हणून बुधवारीच शेजारच्या घरी पिशवी नेऊन ठेवत. पिशवीत एक धोतर आणि सुपारी. त्याला 'प्रस्थान ठेवणं' म्हणतात. हे सांगणारा तो जोशी, आणि जोश्याला गावात मान असतो, भीती नसते. तुमच्या आईंना हे पटेल.

तो पाळतो त्या शिकिगामींना, म्हणजे हाताखालच्या भुतांना, मात्र आमचा चेडा चालेल. चेडा म्हणजे कुणीतरी कामाला लावलेला. सेइमेइच्या बायकोला त्यांच्या तोंडांची भीती वाटायची म्हणून त्यानं ते इचिजो मोदोरीच्या पुलाखाली ठेवले होते, अशी तिथली दंतकथा आहे. इथं तर मला भूतकथेपेक्षा संसारच दिसतो.

*

एवढा खटाटोप कशाला? सामुराईला आपण शिलेदार म्हणतो का? ओम्म्योजी तसंच ठेवा, दोन भागांत सवय होते.

*

वाचणाऱ्याला होते, ऐकणाऱ्याला नाही. आई शेजारी बसून ऐकतेय, तिला तिथल्या तिथं चित्र उभं राहायला हवं. 'राजाच्या पदरचा जोशी' सांगून पाहिलं. लगेच म्हणाली, "मग हा मुहूर्त का काढत नाही कधी?" पण निदान मानाचा प्रश्न मिटला.

आता ओनि. नुसता राक्षस म्हटला तर एक गोष्ट पार मोडते. बाराव्या शतकातल्या एका कथासंग्रहात ती आहे. मुराकामी सम्राटाच्या वेळी 'गेन्जो' नावाची राजघराण्याची बिवा नाहीशी झाली. एका रात्री हिरोमासा वाड्यात असताना त्याला दक्षिणेकडून बिवा ऐकू आली. सूर गेन्जोचाच. एका पोऱ्याला घेऊन तो निघाला. सुझाकुच्या दरवाज्यापाशी पोचला तर आवाज अजून पुढे. असं करत करत शहराच्या पार दक्षिण टोकाला, राजोमोनच्या वेशीखाली येऊन उभा राहिला. वर कुणीतरी वाजवतंय. ऐकून म्हणाला, हे माणसाचं वाजवणं नव्हे, ओनिचं असणार. आणि वर विचारलं, कोण वाजवतंय? बिवा हरवली म्हणून सम्राट शोधतायत. वाजवणं थांबलं आणि दोरीला बांधलेली गेन्जो वरून हळूहळू खाली आली.

लढाई नाही, रक्त नाही. मागितली, दिली. शिंगं आणि सुळे असलेल्या राक्षसाला हे कसं शोभणार?

गोष्टीचं शेपूट तर आणखी सुंदर आहे. ही गेन्जो जिवंत असल्यासारखी वागते. कुणी वाईट वाजवलं तर चिडते आणि बोलतच नाही. धूळ साचली आणि कुणी पुसली नाही तरी बोलत नाही. एकदा वाड्याला आग लागली तर कुणी बाहेर काढायच्या आत आपली आपण अंगणात येऊन पडली होती. आई म्हणाली, "रुसते म्हण की." तो शब्द झाला.

*

तो समंध! राक्षस कसला. समंध हे संबंधाचंच रूप: मेला पण गुंतणं सुटलं नाही. वेशीवर बसून मध्यरात्री वाजवणारा म्हणजे तोच. फार विद्वान वाटला तर ब्रह्मराक्षस म्हणा.

जपानी शब्दही मुळात शिंगांचा नाही. दहाव्या शतकातल्याच एका जुन्या कोशात ओनिची व्युत्पत्ती 'लपलेला' या अर्थाच्या शब्दापासून दिली आहे. ऐकू येतो पण दिसत नाही, तो ओनि. ती आता ग्राह्य धरतात की नाही हा भाग वेगळा, पण तुमच्या वेशीवरच्या वादकाला अगदी बसते.

*

मी तंतुवाद्यांतला, भुतांतला नाही, तरी एक घालतो. बिवाला सरळ वीणा म्हणा. त्यांची बेन्झाइतेन म्हणजे तिकडे गेलेली आपली सरस्वती आणि तिच्या हातात बिवाच असते. चार तारा, वाजवायला नखी.

पुढच्या काळातल्या बिवांना एक झणझणाट असतो. तार पडद्यावर निसटती टेकली की सूर नुसता वाजत नाही, घोंगावतो. तंबोऱ्याला आपण धागा सरकवत सरकवत जवारी काढतो, तेच. त्याला जपानीत 'सावारी' म्हणतात, म्हणजे स्पर्श. आणि त्याच उच्चाराचा दुसरा शब्द म्हणजे अडथळा, बाधा. आपल्या 'बाहेरची बाधा'तली बाधासुद्धा.

हे वाचून मला आपलं 'लागणं' आठवलं. भूत लागतं. वारं लागतं. लागीर होतं. आणि बैठकीत बुवा डोळे मिटतात तेव्हा मागचा माणूस काय म्हणतो? "आज सूर लागलाय."

*

व्वा! मग तुमच्या 'शु'चंही उत्तर याच वाटेवर आहे. जपानी लिपीत ते एकच अक्षर दोन तऱ्हांनी वाचतात: 'नोरोइ' म्हणजे शाप आणि 'माजिनाइ' म्हणजे तोडगा, बरं वाटावं म्हणून केलेला. लिहिताना वाईट-चांगलं एकाच पोटात. म्हणून मंत्र, शाप, करणी, उतारा यातला कुठलाही शब्द घेतलात तरी अर्धा अर्थ सांडणार.

'भारणं' घ्या. लिंबू भारतात, दोरा भारतात, माणूस भारतात. भारलेला दोरा मुलाच्या रक्षणाला गळ्यात असतो आणि भारलेलं लिंबू तिठ्यावर दिसलं की आपण वळसा घालतो. क्रियापद एकच, चांगलं की वाईट ते करणाऱ्यावर. आणि हेच क्रियापद गाण्याला लागतं: "किती भारून गायल्या काल!" सेइमेइ भारतो ते समजून उमजून, हिरोमासा भारतो त्याचा त्याला पत्ता नसतो. दोघांना एका शब्दात धरणारा दुसरा शब्द मला तरी मराठीत सापडत नाही.

*

नाम म्हणून अडेल की हो. 'शु घातला' याचं 'भारणं घातलं' करणार का?

*

नाही, वाक्यच फिरवायचं. काल करून पाहिलं. सेइमेइ 'शु'बद्दल काहीतरी समजावत होता, हिरोमासाला नेहमीप्रमाणे कळत नव्हतं. दोघं ओसरीवर बसलेले, समोर रान माजलेलं अंगण. मी सांगितलं, "तो म्हणतोय, नाव ठेवलं की माणूस भारला जातो."

आई बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "खरंय. तुझं नाव तुझ्या आत्यानं ठेवलं, म्हणून तू तशी." पुढचा भाग तिनं लावू दिला नाही. तंबोऱ्यावरची धूळ पुसायला उठली.