एमटेक एन्व्हायर्नमेंटलसाठी गेट परीक्षेला सीई (सिव्हिल) पेपर द्यावा की ईएस (एन्व्हायर्नमेंटल सायन्स अँड इंजिनियरिंग)? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

मी बीई सिव्हिल, मुंबई युनिव्हर्सिटी. सध्या मुलुंड-भांडुपकडच्या सोसायट्यांचे एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारे प्लांट) चालवणाऱ्या एका छोट्या कंपनीत आहे, नावाला इंजिनियर आणि कामाला ऑपरेटर. नोकरी सोडून एमटेक करावं असं चाललंय डोक्यात.

कारण सांगतो. एका सोसायटीत लाइटबिल फार येतं म्हणून कमिटीवाले रात्री ब्लोअर (टाकीत हवा सोडणारं मशीन) बंद करायला लावतात. हवा नाही म्हणजे टाकीतल्या बॅक्टेरियांना ऑक्सिजन नाही, सकाळी झाकण उघडलं की सडक्या अंड्यांचा भपकारा, गाळ तपकिरीचा काळा झालेला, लिटरच्या सिलिंडरमध्ये अर्धा तास ठेवला तरी धड खाली बसत नाही, आणि वर तीच कमिटी विचारणार, "अहो वास का येतोय?" बंद करू नका हे मी सांगतोच, पण बंद न करता हवा किती कमी केली तर चालेल, व्हीएफडी (मोटरचा स्पीड कमी-जास्त करणारं यंत्र) लावून बिल किती उतरेल, हे मला आकड्यांत मांडता येत नाही. सरांना विचारलं तर म्हणे व्हेंडरची हिशेबाची शीट बघ. मला ती शीट बनवायला शिकायचंय.

आता मुद्द्याचं. २०२१ पासून गेटला ईएस हा वेगळा पेपर आहे. सीई दिला तर एन्व्हायर्नमेंट थोडंसंच आणि स्ट्रक्चर, जिओटेक, ट्रान्सपोर्टेशन सगळं परत रगडा. ईएसमध्ये मायक्रोबायोलॉजी आणि केमिस्ट्री आहे, बारावीनंतर त्यांचं तोंड पाहिलेलं नाही. नुसता ईएस दिला तर पुढे पीएसयूच्या (सरकारी कंपन्यांच्या) नोकरीचे दरवाजे बंद होतात का? स्कोअर तीन वर्षं चालतो म्हणून विचारतोय.

आयआयटी बॉम्बेच्या ईएसईडीत (एन्व्हायर्नमेंटच्या डिपार्टमेंटमध्ये) कुणी असेल तर प्लीज सांगा, तिथे वेस्टवॉटर प्रोसेसवर काम मिळतं का की बहुतेकजण एअर आणि क्लायमेटकडे वळतात? एमटेकचा स्टायपेंड महिना १२,४०० म्हणजे घरी राहूनच भागवावं लागेल, त्यामुळे मुंबईबाहेरचं नको.

अजून एक. महापालिकेचे वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, घाटकोपर, भांडुप असे सांडपाण्याचे सात मोठे प्लांट नव्याने बांधले जातायत. तिथले कॉन्ट्रॅक्टर एमटेकवाल्यांना प्रोसेस डिझाइनला घेतात का परत ओ अँड एमलाच (प्लांट चालवणं आणि देखभाल) बसवतात? ओ अँड एमच करायचं असेल तर आहे तेच बरं, निदान घराजवळ तरी आहे.

(एमबीए कर असं कुणी सांगू नका, त्यासाठी घरी मामा आहेत.)